रझ्मनामा: जयपूरने सांभाळलेले फारसी महाभारत

जयपूरची सहल ठरली की यादी आपोआप तयार होते. हवा महल, आमेरचा किल्ला, जंतरमंतर, सिटी पॅलेस, बापू बाजारातली खरेदी आणि एखाद्या संध्याकाळी दाल-बाटी-चुरमा. या यादीत सहसा नसलेली एक गोष्ट आज तुम्हाला सांगायची आहे. सिटी पॅलेसमधल्या महाराजा सवाई मानसिंह (दुसरे) संग्रहालयाच्या संग्रहात एक महाभारत आहे. ते संस्कृतात नाही, हिंदीत नाही, राजस्थानीतही नाही. ते फारसीत आहे. त्याची पाने उजवीकडून वाचत जायची आणि त्यात दीडशेहून अधिक रंगीत चित्रे आहेत. त्याचे नाव 'रझ्मनामा', म्हणजे युद्धाचा ग्रंथ.

ही साधीसुधी नक्कल नव्हे. अकबर बादशहाच्या स्वतःच्या ग्रंथालयासाठी तयार झालेली ही प्रत आहे. तिची चित्रे साधारण १५८४ ते १५८६ या काळात रंगवली गेली. पुढे ती जयपूरच्या राजघराण्याच्या पोथीखान्यात आली आणि तिथेच राहिली. अकबराने करवून घेतलेल्या फारसी रामायणाची शाही प्रतही जयपूरच्याच संग्रहात आहे.

तुम्ही म्हणाल, चारशे वर्षांपूर्वीच्या फारसी पोथीशी आपला काय संबंध? संबंध आहे, आणि तो अगदी घरातला आहे. आपल्यापैकी बहुतेकांनी महाभारत मूळ संस्कृतातून वाचलेले नाही. कुणी आजीकडून ऐकले, कुणी कीर्तनात, कुणी दूरदर्शनवर पाहिले, कुणी मोबाइलवर. म्हणजे आपल्याला ठाऊक असलेले महाभारत कुणीतरी पुन्हा सांगितलेले आहे. मग पुन्हा सांगताना कथा किती टिकते आणि किती बदलते? आणि सांगणारा दुसऱ्या भाषेचा, दुसऱ्या धर्माचा असेल तर? जयपूरच्या पोथीमागे घडलेली हकिगत वाचली की या प्रश्नांची उत्तरे बरीच उलगडतात.

समोरासमोर बसलेले विद्वान

१५८२ साली अकबराने महाभारताचे फारसीत भाषांतर करण्याचा हुकूम दिला. तेव्हा राजधानी फत्तेपूर सिक्रीला होती. पहिली अडचण लगेच समोर आली. फारसी उत्तम लिहिणाऱ्या दरबारी विद्वानांना संस्कृत येत नव्हते आणि महाभारत जाणणाऱ्या पंडितांना फारसी येत नव्हती.

त्यावर तोडगा निघाला तो बोलीभाषेचा. पंडित पोथी वाचत आणि दोघांनाही समजेल अशा हिंदी बोलीत अर्थ सांगत. समोर बसलेला लेखक तो ऐकून फारसीत उतरवून घेई. नकीब खान हा या कामातला प्रमुख भाषांतरकार. त्याने शेवटी जी नोंद लिहिली, तिच्यात आपल्याला अर्थ सांगणाऱ्यांची नावेही दिली आहेत: देव मिश्र, शतावधान, मधुसूदन मिश्र, चतुर्भुज आणि शेख भावन. यातले शेख भावन हे दख्खनमधून आलेले विद्वान. जन्माने ब्राह्मण, पुढे त्यांनी इस्लाम स्वीकारला होता. नकीब खानाच्या नोंदीप्रमाणे हे काम दीड वर्षात झाले आणि १५८४ साली संपले.

दीड वर्ष म्हणजे फार नव्हे. महाभारत म्हणजे अठरा पर्वे, परंपरेने म्हणतात त्याप्रमाणे एक लाख श्लोक. शिवाय रझ्मनाम्यात हरिवंशही घेतला आहे. एवढा पसारा एका भाषेतून दुसरीत, तोही मधल्या तिसऱ्या भाषेच्या पुलावरून न्यायचा होता. कुठेतरी शब्द सांडणार, कुठेतरी अर्थ वाकणार, हे उघडच होते. तरीही पोथी झाली, कारण समोरच्याला समजेपर्यंत सांगत राहणारी माणसे त्या बैठकीत होती.

मनाविरुद्ध काम करणारा मुल्ला

या बैठकीत सगळेच उत्साहाने बसले होते असे समजू नका. अब्दुल कादिर बदायूनी हा दरबारातला कट्टर धार्मिक विद्वान. त्याने गुपचूप लिहिलेल्या इतिहासात या कामाची हकिगत आहे. तो सांगतो की सुरुवातीच्या रात्री स्वतः बादशहाच नकीब खानाला अर्थ समजावून देत होता. तिसऱ्या रात्री बदायूनीला बोलावून घेतले आणि कामाला जुंपले. तीन-चार महिने खपून त्याने अठरांपैकी दोन पर्वे लिहिली. पुढे मुल्ला शेरी आणि हाजी सुलतान थानेसरी यांनीही काही भाग केले. कवी फैजीने त्यातल्या सुरुवातीच्या भागांना अधिक देखणे साहित्यिक रूप दिले.

बदायूनीला हे काम मनापासून नको होते. आपल्या श्रद्धेत न बसणाऱ्या कथा आपल्याच लेखणीने लिहाव्या लागतात याचा त्याला त्रास होई, आणि तो त्याने लपवला नाही. बादशहालाही त्याचे काम पसंत पडले नाही. त्याने बदायूनीला सलगम खाणारा म्हणून हिणवल्याची आठवण त्यानेच लिहून ठेवली आहे.

पण या कुरकुरीत एक मोलाची गोष्ट दडलेली आहे. एकदा भाषांतर वाचून दाखवले जात असताना, केलेल्या कर्माचे फळ भोगावे लागते अशा अर्थाची एक फारसी ओळ आली. अकबर चमकला. त्याला वाटले, बदायूनीने कयामतच्या दिवसाची स्वतःच्या धर्मातली कल्पना महाभारतात घुसवली. त्याने जाब विचारला. बदायूनीचे उत्तर असे होते की मी केवळ भाषांतर करणारा, पंडितांनी जे सांगितले ते मी उतरवले. आणि कर्माचे फळ, स्वर्ग, नरक हे हिंदूंच्या ग्रंथांतही आहेच.

हा प्रसंग नीट पाहा. हुकूम देणारा बादशहा मुसलमान, लिहिणारा मुसलमान, आणि वाद कशावरून? तर हिंदूंच्या ग्रंथात मूळचे नसलेले काही आले तर नाही ना, यावरून. ज्याला ते काम नकोसे होते, त्यालाही शेवटी आपण सांगणाऱ्याशी प्रामाणिक राहिलो असेच म्हणावे लागले. परक्याची गोष्ट सांगताना ती त्याचीच राहिली पाहिजे, ही जाणीव त्या दालनात होती.

काय राहिले, काय आटले

मग रझ्मनाम्यात नेमके कोणते महाभारत आहे? सांगाडा तोच आहे. अठरा पर्वे आहेत. वैशंपायन जनमेजयाला कथा सांगतात, ही मूळची मांडणीही आहे. देवांची आणि माणसांची नावे बदललेली नाहीत. अर्जुन अर्जुनच आहे आणि कृष्णही कृष्णच. अनेक संस्कृत शब्द फारसी लिपीत तसेच ठेवले आहेत. मधूनमधून मात्र फारसी काव्यातल्या ओळी पेरल्या आहेत आणि ईश्वराचा उल्लेख काही ठिकाणी फारसी वाचकाला ओळखीच्या शब्दांत येतो.

काही भाग मात्र आटले. सर्वांत मोठा धक्का बसतो तो भगवद्गीतेच्या बाबतीत. सातशे श्लोकांची गीता इथे थोड्याशा पानांत उरकली आहे. उलट शांतिपर्वात भीष्म युधिष्ठिराला राजधर्म सांगतात, त्या भागाला भरपूर जागा मिळाली. कारण समजायला कठीण नाही. ऐकणारा राजा होता. प्रजा कशी सांभाळावी, शत्रूशी कसे वागावे, न्याय कसा करावा, हे त्याच्या रोजच्या कामाचे होते. आपणही वेगळे काय करतो? मुलांना गोष्ट सांगताना आपल्याला महत्त्वाचे वाटते तिथे आवाज चढतो, बाकीचे दोन वाक्यांत संपते.

आणखी एक बदल मराठी वाचकाला गंमतीचा वाटेल. रझ्मनाम्यातले अश्वमेधाचे पर्व व्यासांच्या नावे असलेल्या मूळ पर्वावरून घेतलेले नाही. ते 'जैमिनी अश्वमेध' या दुसऱ्या ग्रंथावरून घेतले आहे. चंद्रहासाची गोष्ट, सुधन्व्याची गोष्ट, स्त्रीराज्याची राणी प्रमिला, या सगळ्या कथा जैमिनींच्या. मराठीत श्रीधरांनी हाच ग्रंथ ओव्यांत आणला आणि तो घरोघरी वाचला गेला. म्हणजे तुमच्या पणजीने ऐकलेला चंद्रहास आणि अकबराने ऐकलेला चंद्रहास एकाच घरचे. पंडितांनी बादशहाला तेच सांगितले जे लोकांत आवडीने सांगितले जात होते.

योगायोग असा की अश्वमेधाशी जयपूरचेही नाते आहे. हे शहर १७२७ साली वसवणाऱ्या सवाई जयसिंहाने अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात अश्वमेध यज्ञ करवला. राजांनी तो करणे त्या काळी जवळजवळ बंद पडले होते. पोथीतल्या कथेतून राजांनी काय काय उचलले, याचा हा एक नमुना.

त्याच वर्षी पैठणला

आता जरा फत्तेपूर सिक्रीहून गोदावरीकाठी या. १५८४ साली, म्हणजे शके १५०६ मध्ये, नकीब खान आपली शेवटची नोंद लिहीत होता. त्याच साली पैठणला संत एकनाथ ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध करत होते. ज्ञानेश्वरी म्हणजे महाभारताच्या भीष्मपर्वातल्या गीतेवरची मराठी टीका, शके १२१२ म्हणजे १२९० सालची. जवळजवळ तीनशे वर्षे ती हाताने उतरवली जात होती. त्यात पाठभेद शिरले होते, कुणाकुणाच्या ओव्याही मिसळल्या होत्या. एकनाथांनी प्रती पडताळून त्या निवडून काढल्या.

दोन्ही चित्रे शेजारी ठेवून पाहा. उत्तरेत गीतेचे सातशे श्लोक काही पानांत आटले. दक्षिणेत त्याच सातशे श्लोकांच्या जवळजवळ नऊ हजार ओव्या झाल्या होत्या आणि त्यातली एकेक ओवी पारखली जात होती. एका ठिकाणी कथा अनोळखी माणसांपर्यंत पोहोचवायची होती. दुसऱ्या ठिकाणी ती आपल्या माणसांत असताना बिघडू द्यायची नव्हती. दोन्ही कामे पुन्हा सांगण्याचीच. एकाशिवाय दुसरे अपुरे आहे: कथा कुणाला सांगितलीच नाही तर ती पोथीत पडून राहते, आणि सांगताना कुणी जपलीच नाही तर ओळखू येईनाशी होते.

भिंतीवर चित्रे काढणारा मुलगा

रझ्मनाम्याची चर्चा चित्रांशिवाय पुरी होत नाही, आणि चित्रांत पहिले नाव दसवंतचे. तो पालखी वाहणाऱ्या कहाराचा मुलगा. भिंती दिसेल तिथे चित्रे काढायचा. बादशहाची नजर त्याच्यावर पडली आणि त्याने त्याला ख्वाजा अब्दुस्समद या उस्तादाच्या हाती सोपवले. थोड्याच काळात दसवंत दरबारातला सर्वश्रेष्ठ चित्रकारांपैकी एक मानला जाऊ लागला. रझ्मनाम्यातल्या अनेक चित्रांची मांडणी त्याची आहे.

ही चित्रे एकट्याने काढली जात नसत. एक जण रेखाटन करी, दुसरा रंग भरी, कधी तिसरा चेहरे पुरे करी. समासात त्यांची नावे लिहिली जात. दसवंत, बसावन, लाल अशी नावे त्यामुळेच आज आपल्याला माहीत आहेत. चित्रांतले पांडव-कौरव मोगल काळातल्या वाड्यांत वावरतात, त्यांची हत्यारे, पडदे, गालिचेही त्याच काळातले. चित्रकारांनी हस्तिनापूर पाहिले नव्हते, फत्तेपूर सिक्री रोज पाहत होते.

दसवंतचा शेवट मात्र दुःखद झाला. त्याचे मन आजारी पडले आणि १५८४ साली त्याने स्वतःचे जीवन संपवले. ज्या पोथीने त्याचे नाव अमर केले, ती पुरी झालेली त्याने पाहिली नाही.

पोथी कशासाठी?

१५८७ साली अबुल फजलने या ग्रंथाला प्रस्तावना जोडली. त्यात त्याने हेतू स्पष्ट मांडला आहे. दोन्ही बाजूंचे लोक एकमेकांचे ग्रंथ न वाचताच एकमेकांशी वैर धरतात. ग्रंथ समजेल अशा भाषेत आले तर निदान भांडणाआधी माहिती असेल. आपल्याच लोकांच्या समजुतींनाही थोडा हादरा बसावा, जग आपल्याला वाटते त्याहून फार जुने आहे हे त्यांना कळावे, असेही त्याला वाटत होते.

बादशहाने सरदारांना या ग्रंथाच्या प्रती करवून घ्यायला सांगितले. १५९८ च्या सुमारास आणखी एक सचित्र प्रत झाली. तिचा एक भाग आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. अब्दुर्रहीम खानखानानेही, म्हणजे दोहेवाल्या रहीमनेही, आपल्यासाठी प्रत करवून घेतली.

एका ग्रंथाने सगळी वैरे मिटली असे इतिहास सांगत नाही. पण ज्याला वाचायचे होते त्याला आता सबब उरली नाही, हेही थोडे नाही.

जयपुरात काय पाहाल?

शाही रझ्मनामा सहज पाहायला मिळेल या आशेने जाऊ नका. ती पोथी अतिशय जपून ठेवलेली आहे आणि अभ्यासकांनाही ती फार काळ सहज पाहायला मिळालेली नाही. तरी निराश होण्याचे कारण नाही. १८८३ साली जयपूरला मोठे प्रदर्शन भरले होते. डॉक्टर थॉमस हेंडली हे त्याच्या मागचे प्रमुख. त्या प्रदर्शनावर निघालेल्या ग्रंथमालेचा चौथा खंड त्यांनी पूर्णपणे रझ्मनाम्याच्या चित्रांना दिला. जगभरच्या अभ्यासकांनी ही चित्रे बहुतेक त्याच खंडातून पाहिली.

आणि तुम्हाला पाहायचे असेल तर रामनिवास बागेतल्या अल्बर्ट हॉल संग्रहालयात जा. १८८७ साली खुल्या झालेल्या या इमारतीच्या भिंतींवर रझ्मनाम्यातली काही चित्रे मोठ्या आकारात रंगवलेली आहेत. बहुतेक पर्यटक आतल्या इजिप्शियन ममीकडे धाव घेतात. तुम्ही आधी भिंतीसमोर थांबा आणि मुलांना विचारा, या मोगली कपड्यांतल्या माणसांमध्ये भीम कोणता? ओळखायला वेळ लागेल, पण ओळखू येईल.

पुण्यातली सत्तेचाळीस वर्षे

शेवटचा टप्पा आपल्या जवळचा. १९१९ साली पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेत महाभारताची चिकित्सक आवृत्ती तयार करण्याचे काम सुरू झाले. १९२५ पासून डॉ. विष्णु सीताराम सुकथनकर त्याचे प्रमुख संपादक होते. १९४३ साली ते गेले, काम पुढे चालू राहिले आणि १९६६ साली पुरे झाले. देशभरातून गोळा केलेल्या १२५९ हस्तलिखितांचा उपयोग त्यासाठी झाला. शारदा, नेवारी, बंगाली, देवनागरी, तेलुगू, ग्रंथ, मल्याळम अशा लिप्यांतल्या पोथ्या शेजारी ठेवून एकेक श्लोक ताडून पाहिला गेला.

त्यातून निघालेल्या गोष्टी ऐकून घरातली मोठी माणसे चकित होतील. व्यास सांगताहेत आणि गणपती लिहून घेतो आहे, ही आपल्या सर्वांची लाडकी कथा मूळ संहितेत बसत नाही, असे संपादकांना आढळले. त्यांनी ती परिशिष्टात ठेवली. फेकून दिली नाही, हे लक्षात घ्या. कुणी, कुठे, काय जोडले, ते सगळे तळटीपांत आणि परिशिष्टांत नीट नोंदवून ठेवले. पैठणला एकनाथांनी जे केले, त्याच जातीचे हे काम, फक्त पसारा अवाढव्य.

आता तुमची पाळी

महाभारताची सुरुवातच पुन्हा सांगण्याने होते. व्यासांनी रचले, वैशंपायनांनी जनमेजयाला सांगितले, ते ऐकून सौतीने नैमिषारण्यात शौनकादी ऋषींना सांगितले. ही साखळी फत्तेपूर सिक्रीत तुटली नाही, पैठणला तुटली नाही, पुण्यातही तुटली नाही. ती तुटू शकते ती घरात, जेव्हा आजीची भाषा नातवाला कळत नाही आणि नातवाची आजीला.

म्हणून या रविवारी एक छोटासा प्रयोग करा. आजी-आजोबांना एकच प्रसंग सांगू द्या: यक्षप्रश्न, लाक्षागृह किंवा चंद्रहास. त्यांच्या बोलीत, त्यांच्या पद्धतीने. इंग्रजी शाळेत जाणाऱ्या मुलाने तो ऐकून त्याला सोप्या वाटणाऱ्या भाषेत घरातल्या दुसऱ्या कुणाला सांगायचा. मधे कुणी दुरुस्ती करायची नाही. शेवटी आजीला विचारा, काय सुटले, काय नवीन आले? सुटलेले ती सांगेल. नवीन आलेले ऐकून ती कदाचित हसेल, कदाचित बदायूनीसारखी कुरकुरेल. कुरकुरली तर कुरकुरू द्या. तिच्या गोष्टीत कुणी काय मिसळले याची तिला फिकीर आहे, याचाच तो अर्थ.